रक्तांतील दोष, पेशीच्या दारीं

कांहीं घराण्यांत हृदयविकार वारशानें येतो. मातापिता दोघांकडूनही हा वारसा मिळालेल्या बालकास तर तो कोंवळ्या वयांतच गांठतो. अशांच्या रक्तांत कोलेस्टेरॉल अतोनात सांचतें. आपण साहजिकच दोष रक्तांत शोधूं. अमेरिकेंत डॅलस येथें ब्राउन व गोल्डस्टीन ह्या वैद्यद्वयानें १९७३-७४ सालीं तो पेशीच्या दारीं शोधला.

त्यांचें साधन साधेंच होतें. रुग्णाच्या त्वचेंतील पेशी त्यांनीं कांचपात्रांत वाढविल्या, आणि कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांस किरणोत्सर्गी आयोडीनची खूण केली. निरोगी पेशींनीं ते कण धरून आंत घेतले. रुग्णाच्या पेशींस ते धरतां येईनात. पेशीपटलावरील ग्राही प्रथिनच तेथें नादुरुस्त होतें. १९८४ सालीं त्या ग्राहीचें मानवी जनुक हातीं आलें. १९८५ सालीं दोघांस नोबेल पारितोषिक लाभलें.

आजचीं स्टॅटिन औषधें यकृतांतील हेच ग्राही वाढवितात. परंतु ज्या बालकाचीं दोन्ही जनुकें निकामी, त्याला त्यांचा उपयोग अल्पच. ज्यांच्या त्वचेनें हें ज्ञान दिलें, त्यांच्याच पदरीं त्याचें फळ सर्वांत कमी पडलें, हें आपण विसरूं नये.