कर्करोगावरील औषधांचे रक्तातील मापन
कर्करोगावरील औषधांचे रक्तातील मापन : रासायनी चिकित्सेत दिलेले औषध रुग्णाच्या रक्तात प्रत्यक्ष किती आहे, हे ठराविक वेळी घेतलेल्या नमुन्यावरून ठरविण्याची पद्धती. या औषधांच्या गुणकारी व घातक मात्रांत अंतर थोडे असते. शिवाय सारखीच मात्रा देऊनही वय, यकृत व मूत्रपिंडे यांचे कार्य आणि इतर औषधे यांमुळे रक्तपातळी व्यक्तिपरत्वे बदलते. या मापनाच्या इतिहासात अचूकतेइतकेच महत्त्व वेळेला आहे. कारण उशिरा हाती आलेला अचूक आकडा रुग्णाच्या उपयोगी पडत नाही.

मापनाचे मुख्य साधन असलेल्या वर्णलेखनाचा पाया रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल स्वेट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पानांतील रंगद्रव्ये अलग करताना घातला. आर्चर मार्टिन व रिचर्ड सिंज यांनी १९४१ मध्ये विभाजन वर्णलेखन मांडले. त्यासाठी त्यांना १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अतिसूक्ष्म कण व उच्च दाब वापरल्यास द्रव वर्णलेखन अधिक कार्यक्षम होईल, हे त्यांचे अनुमान १९६० नंतरच्या दशकात चाबा होर्वाथ प्रभृतींनी प्रत्यक्षात आणले.

औषधांचा इतिहास याला समांतर आहे. बॉस्टन येथील सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये ॲमिनोप्टेरिनामुळे रक्ताच्या कर्करोगाने ग्रस्त मुलांत तात्पुरता उतार पडतो, असे दाखविले. हे द्रव्य भारतीय शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील लेडर्ली प्रयोगशाळेत तयार झाले होते. त्याच वर्गातील मेथोट्रेक्सेट पुढे फार मोठ्या मात्रेत देऊन नंतर ल्युकोव्होरिनाने निरोगी पेशींचा बचाव करण्याची रीत रूढ झाली. मूत्रपिंडांनी औषध वेळेवर बाहेर टाकले नाही, तर अस्थिमज्जा व आतड्याचे अस्तर यांना गंभीर इजा होते. अमेरिकेतील १९७७ च्या एका अभ्यासात, ४८ तासांनंतर पातळी लिटरमागे सु. ०.९ मायक्रोमोलपेक्षा जास्त असलेल्या रुग्णांना विषबाधेचा धोका अधिक असल्याचे दिसले. हे प्रमाण लिटरभर रक्तद्रवात अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी भरते. आकडा वेळेवर कळल्यास ल्युकोव्होरिनाची मात्रा वाढवून रुग्णास वाचविता येते.

मापनासाठी प्रथम रक्तद्रव अलग करून त्यातील प्रथिने काढून टाकतात. उरलेला द्राव सूक्ष्म कणांनी भरलेल्या स्तंभातून दाबाखाली पाठविला असता निरनिराळी द्रव्ये निरनिराळ्या वेळी बाहेर पडतात व जंबुपार किरणांच्या शोषणावरून किंवा द्रव्यमान वर्णपटमापकाने मोजली जातात. प्रतिरक्षा आमापन अधिक जलद असते. परंतु रक्तातील मेथोट्रेक्सेटाचे विघटन करणारे ग्लुकार्पिडेज हे एंझाइम दिल्यानंतर उरणारा निरुपद्रवी भागही त्यात औषध म्हणून मोजला जातो. द्रव वर्णलेखन हे दोन्ही वेगळे दाखविते.

महाराष्ट्रात मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. भारतीय कर्करोग संशोधन केंद्र १९५२ मध्ये स्थापन झाले, डॉ. वसंत रामजी खानोलकर हे त्याचे पहिले संचालक होत. १९६६ मध्ये या दोन्ही संस्था टाटा स्मारक केंद्र या नावाने एकत्र आल्या. केंद्राच्या खारघर येथील संस्थेत कर्करोगावरील औषधांच्या रक्तपातळ्यांचा अभ्यास होतो.

प्रश्न उरतो तो अंतराचा. अहिल्यानगर जिल्ह्याच्या सीमेवरील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पाने गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्यसेवा घरापर्यंत नेली. शेजारच्या भूम तालुक्याचा समावेश असलेली बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासून चालू आहे. रोगाची नोंद अशा रीतीने खेड्यापर्यंत पोहोचली. मात्र वर्णलेखनाची यंत्रे मोठ्या शहरांतच एकवटलेली राहिली. ५-फ्ल्युओरोयुरॅसिलाचा नमुना थंड ठेवून त्यातील रक्तद्रव त्वरित अलग न केल्यास नळीतच औषधाचा ऱ्हास होतो. मेथोट्रेक्सेटाचा नमुना प्रकाशापासून जपावा लागतो.

यावर दोन उपाय पुढे आले आहेत. पातळी मोजता येत नसेल, तेथे अधिक काळ शिरेतून द्रव देणे, जादा ल्युकोव्होरीन आणि क्रिॲटिनिनावर लक्ष यांच्या आधारे उपचार सुरक्षित करता येतात, असा अनुभव चंडीगढच्या बालकर्करोगतज्ञांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. दुसरा उपाय म्हणजे बोटातील रक्ताचा थेंब गाळणकागदावर वाळवून टपालाने पाठविणे. इमॅटिनिबासारख्या घरीच घ्यावयाच्या, टिकाऊ औषधासाठी तो उपयुक्त आहे. मात्र पांडुरोग असल्यास रक्तातील पेशींचे प्रमाण लक्षात घेऊन आकडा सुधारावा लागतो. तासागणिक निर्णय घ्यावा लागणाऱ्या मेथोट्रेक्सेटाला मात्र टपाल पुरे पडत नाही; तेथे मापनाची सोय रुग्णशय्येच्या जवळच असावी लागते.