दप्तराची किल्ली

मुदखेडहून धर्माबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उमरीचे स्थानक लागते; आणि जानेवारी १९४८ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी येथील बँकेवर छापा घालून तिची रोकड लढ्यासाठी हस्तगत केली, त्या प्रसंगामुळे हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात या गावाचे नाव कायमचे कोरले गेले आहे. त्या तिजोरीची कथा सर्वश्रुत आहे. परंतु निजामी अमलातील रयतेला तिजोरीहूनही अधिक दुर्गम अशी एक वस्तू होती, आणि ती म्हणजे सरकारी दप्तर.

हैदराबाद संस्थानाच्या कारभारात १८८४ साली फारसीची जागा उर्दूने घेतली, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणही त्याच भाषेतून दिले. देशी भाषेतून आधुनिक विद्या शिकविता येते हे त्या विद्यापीठाने सप्रमाण दाखविले, याचे श्रेय त्याला मुक्तकंठाने दिले पाहिजे. तथापि ज्या मराठी कुणब्याच्या शेताची नोंद, साऱ्याची बाकी आणि दाव्याचा निकाल त्या दप्तरात लिहिला जाई, त्याला आपलाच कागद वाचून घेण्यासाठी दुसऱ्याच्या दारी जावे लागे. कागद आणि त्याचा धनी यांच्या या ताटातुटीचे परिणाम किती दीर्घायुषी असतात, ते २०२३ साली दिसून आले. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यातील निजामकालीन नोंदी धुंडाळल्या जाऊ लागल्या, तेव्हा उर्दू, फारसी आणि मोडी लिपीच्या जाणकारांचा शोध घ्यावा लागला. कागद शाबूत होता, शाई शाबूत होती, पण किल्ली हरवली होती.

हीच आपत्ती संगणकाच्या युगात नव्या रूपाने अवतरली. टंकलेखन यंत्राच्या जागी संगणक आला, आणि मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटांत उतरू लागला. प्रत्येक फाँटाचा अक्षरसंकेत स्वतंत्र, त्यामुळे एका कचेरीत टंकलेला अर्ज दुसऱ्या कचेरीत उघडला असता तेथे अर्थहीन चिन्हांची रास दिसे. १९८८ साली इस्की हा भारतीय संकेत ठरला आणि १९९१ साली युनिकोड या जागतिक संकेताची पहिली आवृत्ती निघाली, तरी छापखान्यांतून व कचेऱ्यांतून जुने फाँट पुढेही अनेक वर्षे ठाण मांडून होते. संगणकतज्ज्ञ रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त आज्ञावलीचा, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरचा, ग्नू प्रकल्प जाहीर करताना जो हक्क मागितला, तो या अनुभवाच्या प्रकाशात पाहावा. आज्ञावली वापरण्याची, अभ्यासण्याची, दुरुस्त करण्याची आणि दुसऱ्यास देण्याची मुभा, म्हणजेच दप्तराची किल्ली दप्तर वापरणाऱ्याच्या हाती असणे.

गरीब देशांत हा विचार केवळ स्वस्ताईमुळे रुजला असे म्हणणे अपुरे आहे, कारण जेथे विनापरवाना प्रती सर्रास फिरत होत्या तेथे फुकटपणाचे अप्रूप कोणाला असणार? तेथे खरा प्रश्न सत्तेचा होता. पेरू देशातील लोकप्रतिनिधी एडगार व्हिल्यानुएव्हा यांनी मुक्त आज्ञावलीच्या विधेयकावरून २००२ साली मायक्रोसॉफ्टला दिलेल्या उत्तरात किमतीपेक्षा नागरिकांच्या माहितीची मुक्त उपलब्धता, तिची चिरस्थायिता आणि राज्याची सुरक्षितता यांवर भर दिला होता. केरळात २००१ साली तिरुवनंतपुरम येथे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या भारतीय भगिनी संस्थेचा आरंभ झाला, आणि शिक्षक व कार्यकर्ते यांच्या आग्रहामुळे तेथील सरकारी शाळांनी ग्नू-लिनक्स या मुक्त प्रणालीचा स्वीकार केला. महाराष्ट्रात त्याच वर्षी एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू होऊन संगणक तालुक्यातालुक्यांत पोहोचला, ही मोठीच गोष्ट घडली. पण त्या शिक्षणाचा केंद्रबिंदू खासगी मालकीची प्रणाली हाच राहिला. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त आज्ञावलीला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले; मात्र लोकांचा रेटा पाठीशी नसेल तर धोरणाचा अंमल फायलीबाहेर पडत नाही, हा धडा केरळच्या उदाहरणातून घेतला पाहिजे.

या साऱ्याचे मर्म एका शब्दात पाहता येते. तहसिलीच्या कागदांत वारंवार येणारा 'शेतकऱ्यांच्या' हा शब्द घ्यावा. त्यातील 'ऱ्या' हे अक्षर हिंदीला लागत नाही, मराठीला मात्र त्यावाचून चालत नाही. म्हणून युनिकोडमध्ये त्याच्यासाठी वेगळा नियम ठेवावा लागला, आणि तो नियम न पाळणाऱ्या फाँटात शेतकरी विद्रूप होऊन उमटतो. फाँट मालकीचा असेल तर त्याची दुरुस्ती मालकाच्या मर्जीवर अवलंबून. पण रेड हॅटचा 'लोहित' किंवा एक टाइपचा 'मुक्त' यांसारखा खुल्या परवान्याचा असेल, तर ती दुरुस्ती कोणीही जाणकार करू शकतो आणि गावोगाव वाटू शकतो.

म्हणून उमरीच्या शाळेतील मुलामुलींना संगणकाची कळ दाबण्याबरोबरच त्याची आज्ञावली उघडून पाहण्याचेही शिक्षण मिळावे, असे मला मनापासून वाटते. ज्यांच्या पणजोबांना आपल्या शेताची नोंद दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली, त्यांनी उद्या आपल्या तालुक्याच्या दप्तरातले चुकलेले अक्षर स्वहस्ते सुधारावे.