नोट फोर, जी फाइव्ह प्लस आणि आमचं काउंटर

रेडमी नोट फोर भारी की मोटो जी फाइव्ह प्लस, हा वाद पेपरवाल्यांनी आणि यूट्यूबवाल्यांनी २०१७ सालीच निकालात काढला. माझा आणि साताऱ्याच्या आतेभावाचा तो अजून चालू आहे. मी सांगलीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो, तो साताऱ्यात. आम्हा दुरुस्तीवाल्यांची तुलना फोनची पेटी फोडताना होत नाही. फोन जमिनीवर पडला, पाण्यात भिजला, त्याची बॅटरी म्हातारी झाली की मग आमचं परीक्षण सुरू होतं, आणि ते वर्षानुवर्षं चालतं.

भांडायला विषय मात्र झकास होता. नोट फोर १९ जानेवारी २०१७ ला भारतात आला, मोटो १५ मार्चला. दोघांच्या पोटात एकच प्रोसेसर, क्वालकॉमचा स्नॅपड्रॅगन ६२५. तरी नोट फोर ९,९९९ पासून सुरू, मोटो १४,९९९ पासून. नोट फोरची चार जीबीची सगळ्यात वरची आवृत्ती १२,९९९ ला होती, म्हणजे मोटोच्या सगळ्यात खालच्या आवृत्तीपेक्षा दोन हजारांनी स्वस्त. स्क्रीन त्याची मोठी, साडेपाच इंची, मोटोची ५.२. बॅटरी ४,१०० एमएएचची, मोटोची ३,०००. एवढं ऐकल्यावर कुणीही म्हणेल, मोटो घेतला कुणी? साताऱ्याने घेतला.

पण त्याआधी आमच्या धंद्याची थोडी वंशावळ सांगतो.

मी काम शिकलो साताऱ्यात, राजवाड्याजवळ, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका माणसाकडे. सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं. दुकानात एका बाजूला दुरुस्ती, दुसऱ्या बाजूला एसटीडी बूथ. सातारा फौजींचा जिल्हा, अपशिंग्याच्या नावातच मिलिटरी आहे. संध्याकाळी बूथबाहेर कुणाची आई, कुणाची बायको बाकड्यावर बसून राहायची; मुलगा पठाणकोटहून किंवा जोधपूरहून ठरल्या वेळेला फोन करणार. पोरगा बोलायचा अन् माय नुसती ऐकून डोळे पुसायची. त्रेचाळीसच्या आगेमागे, पत्री सरकारच्या दिवसांत, याच जिल्ह्यातल्या पोरांनी इंग्रजांच्या टेलिफोनच्या तारा तोडल्या होत्या. मामांचे वडील त्यांतले. मामा हसून म्हणायचे, "बापानं तोडल्या, आन् मी जोडत बसलोय."

१ मे २००३ पासून मोबाईलवर येणारा कॉल फुकट झाला आणि बाकडं रिकामं पडत गेलं. मामांनी बूथची काचेची केबिन मोडली नाही. आतलं टेलिफोनचं फळकूट काढलं, सोल्डरिंगचं टेबल टाकलं आणि मला तिथं बसवलं. मिरजेतली सतारी करणारी घराणी मूळची शिकलगारांची, हत्यारांना धार लावणारी. हत्यारांची मागणी सरली तशी ती वाद्यांकडे वळली. पोटाचं साधन असंच कूस बदलतं.

त्याच साली नोकिया ११०० आला. जगात पंचवीस कोटींच्या घरात खपलेला हा फोन आमच्याकडे कशामुळे चालला, तर त्याच्या टॉर्चमुळे. भारनियमनाचे दिवस होते, शेतीची लाइट रात्री यायची, आणि उसाला पाणी द्यायला निघालेला माणूस एका हाताने फोन धरून पाटाचं दार मोडायचा. दुरुस्ती म्हणाल तर पोरखेळ: टी सिक्सचा एक स्क्रू ड्रायव्हर, आतला माइक, रिंगर, कीपॅड. मळलेली बॉडी काढून नवी घालायची, की माणूस नवा फोन घेतल्यासारखा घरी जायचा. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने बीएल फाइव्ह सी जातीच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या तापण्याचा धोका म्हणून बदलून द्यायचं जाहीर केलं, तेव्हा साताऱ्यात एसएमएसवरून अशी हूल उठली की लोक फोन टॉवेलात गुंडाळून आणू लागले. आम्ही बॅटरीच्या पाठीवरचा लांबलचक नंबर वाचून दाखवायचो. पुढे चायना फोनांचा सुकाळ झाला, लग्नाच्या बँडला लाजवील असा आवाज. मग ३० नोव्हेंबर २००९ ची मुदत आली: आयएमईआय नंबर नसलेले फोन बंद. १९९ रुपये भरून नंबर घालून घ्यायची अधिकृत सोय होती, तिथेही रांगा लागल्या. मामांनी त्या रांगा बघून एवढंच म्हटलं की आता फोनालाही रेशन कार्ड लागायला लागलं.

लग्नानंतर मी सांगलीला आलो. तसं मी परमुलखात आलो नाही. वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे तालुके आधी सातारा जिल्ह्यातच होते. १९४९ साली ते आणि आसपासची संस्थानं मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली नाव मिळालं. म्हणजे आतेभाऊ आणि मी एकाच जुन्या जिल्ह्याच्या दोन टोकांना बसलेलो आहोत. फोन मात्र दोन टोकांना वेगळे.

फेब्रुवारी २०१४ मध्ये पहिला मोटो जी १२,४९९ ला, फक्त फ्लिपकार्टवर आला, तेव्हा आमच्या लाइनीतल्या दुकानदारांना पहिल्यांदा कळलं की चांगला फोन काउंटरला शिवल्याशिवायही घरोघरी जाऊ शकतो. त्याच साली शाओमीने दुपारी ठरल्या वेळेला होणाऱ्या विक्रीची सवय लावली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, वर्षाअखेरीपर्यंत आणि मग मार्चअखेरीपर्यंत सगळं फुकट, आणि थ्रीजीचे फोन एका हंगामात जुनाट ठरले. ज्याला त्याला फोरजी हवं होतं. नोट फोरची पहिली विक्री २३ जानेवारीला झाली. दहा मिनिटांत अडीच लाख फोन गेल्याचं कंपनीने सांगितलं, आणि सहा महिन्यांच्या आत पन्नास लाख. आमच्या गल्लीतली पोरं बारा वाजायच्या आधी नेट कॅफेत एकेका कॉम्प्युटरला दोघं-तिघं चिकटून बसायची. ज्यांना मिळाला त्यांतले काही दुसऱ्याच दिवशी पाचशे-हजार वर लावून विकायचे.

सांगलीत नोट फोर कुणाच्या हातात गेला ते बघा. हळदीच्या पेठेतला हमाल. त्याचा फोन उघडला की आत पिवळा गुलाल उधळल्यासारखी पूड: स्पीकरच्या जाळीत, चार्जिंगच्या तोंडात, सिमच्या खाचेत. ब्रश मारून निघते, पण वास राहतो. दुसरा तासगाव-पलूसचा द्राक्षवाला. बोर्डो फवारून आलेल्या बोटांना मोरचुदाचा निळा थर, चिरा पडलेल्या. बोटाचा ठसा कुठल्याच फोनला पटायचा नाही. मी त्यांना करंगळीचा ठसा नोंदवून द्यायचो, ती कमी खराब होते. या लोकांना बॅटरी दिवसभर पुरायला हवी होती, कारण बागेत चार्जर नसतो. आणि फोन पडला तर संध्याकाळी परत मिळायला हवा होता, कारण दावण्या रोगाचा एक डाग दिसला तरी त्याचा फोटो ग्रुपवर टाकून सल्ला घ्यायचा असतो. चहाच्या टपरीवरच्या पोरांना नोट फोर आवडायचा तो वेगळ्याच कारणाने. त्याच्या डोक्यावर इन्फ्रारेड होतं, फोनचाच रिमोट व्हायचा. मॅच ऐन रंगात आली की कुणीतरी कोपऱ्यात बसून टपरीतला चॅनेल बदलायचा आणि मालक टीव्हीला शिव्या घालायचा.

साताऱ्यात मोटो घेतला निवृत्त सुभेदारांनी, मास्तरांनी, बँकेतल्या बायकांनी. एकदाच घ्यायचा, चांगला घ्यायचा, कव्हर घालून वापरायचा, अशी माणसं. त्यांना १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा हवा होता, जो संध्याकाळच्या उजेडात नोट फोरच्या १३ मेगापिक्सेलपेक्षा नक्कीच सरस फोटो काढायचा. आकड्यावर जाऊ नका. साधं, कंपनीची कलाकुसर नसलेलं अँड्रॉइड हवं होतं. आणि ती टॉर्च! फोन हातात धरून दोनदा कुऱ्हाड मारल्यासारखा झटका द्यायचा, की टॉर्च लागते. फौजी माणसाला ही खूण इतकी आवडायची की विचारू नका. यवतेश्वरच्या घाटात एका काकांनी झटक्यासरशी फोनच दरीकडे भिरकावला. कव्हरासकट झुडपात अडकला म्हणून वाचला. आतेभावाकडे आला तेव्हा टॉर्च लागलेलीच होती.

तर वाद असा. आतेभाऊ म्हणतो, माझा मोटो दुकानात परत येतो तो फक्त बॅटरीसाठी. मी म्हणतो, माझा नोट फोर दहा वेळा येतो, पण दर वेळी त्याच दिवशी घरी जातो. दोघंही खरं बोलतो. पण त्याच्या मोटोने हळदीची पोती कधी उचलली नाहीत. पाच हजारांच्या फरकाने गिऱ्हाईकच निवडलं होतं, आणि नंतर आम्ही त्या गिऱ्हाइकाच्या वागण्याचं श्रेय फोनाला देत बसलो.

माझी बाजू मात्र एका ठिकाणी भक्कम आहे, सुट्या भागांच्या. जो फोन पन्नास लाख खपतो त्याचा फोल्डर, म्हणजे काच आणि डिस्प्ले एकत्र, पुण्याच्या पासोड्या विठोबापासून मिरजेच्या स्टेशनापर्यंत कुठेही मिळतो, तीन प्रतींत, तीन भावांत. फक्त एक पथ्य. चीनमध्ये याच नावाचा फोन मीडियाटेकच्या प्रोसेसरवर आला होता, भारतातला स्नॅपड्रॅगनवर. दिसायला जुळे, आतून परके. बॅटरीसुद्धा वेगळी: आपली बीएन ४३, त्याची बीएन ४१. पुण्यातला ठोक दुकानदार फोनवर पहिला प्रश्न हाच करायचा, "स्नॅपड्रॅगन की एमटीके?" मोटोच्या बाबतीत असला घोळ नव्हता, बॅटरीचं नाव एचजी ४०, सुटसुटीत. पण ती ठेवणारा दुकानदार शोधावा लागायचा.

मग ऑगस्ट २०१९ आला. आयर्विन पुलाला १९२९ पासून कृष्णेची बरीच पाणी माहीत आहेत. तिथली धोक्याची खूण ४५ फुटांवर. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं होतं, त्यात हरिपूरची हळदीची पेवं गेली. या वेळी ते ५७ फूट ओलांडून गेलं. माझं दुकान तळमजल्यावर. हॉट गन, पॉवर सप्लाय, सुट्या भागांचे ड्रॉवर, सगळं पाण्याखाली. पाणी ओसरल्यावर शटर वर केलं तर आत मांडीएवढा गाळ.

त्यानंतरचे आठवडे लोक पिशव्या भरभरून फोन आणत होते. बरेचसे तांदळात खुपसलेले. तांदूळ ओल शोषतो असं सगळ्यांनी ऐकलेलं. पण पुराचं पाणी नुसतं पाणी नसतं, त्यात माती, सांडपाणी, खत, डिझेल. बोर्डावरच्या पत्र्याच्या झाकणांखाली ती माती घट्ट बसते आणि तिथून गंज सुरू होतो. एक-एक झाकण उचकटायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथब्रशने घासायचं, गरम हवेने वाळवायचं, मग मीटर लावायचा. मोटोच्या जाहिरातीत पाणी न धरणारा लेप असल्याचं म्हटलं होतं, पण तो पावसाच्या शिंतोड्यांसाठी. कृष्णेत चार दिवस बुडायला कुठलाच फोन केलेला नव्हता. लोकांनाही फोन नको होता. आतले फोटो हवे होते, द्राक्षाच्या व्यापाऱ्याशी झालेल्या हिशेबाचे मेसेज हवे होते. एका बाईंना वारलेल्या नवऱ्याचा आवाज हवा होता, त्यांच्या नोट फोरमध्ये मेमरी कार्ड होतं, ते पुसून दुसऱ्या फोनात घातलं आणि आवाज आला. ज्यांनी कार्ड घातलं नव्हतं, त्यांच्यासाठी अख्खा बोर्ड जिवंत करावा लागायचा.

तिथे संख्येने मला हात दिला. मेलेले नोट फोर इतके जमले की एकाचा चार्जिंगचा छोटा बोर्ड, दुसऱ्याचा फोल्डर, तिसऱ्याची बॅटरी घालून चौथा उभा राहायचा. मोटो मोजकेच आले होते आणि त्यांना द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं. आतेभावाने तिकडे काच फुटून पडलेले, कोरडे मोटो शोधून काढले आणि एसटीच्या ड्रायव्हरकडे पुडक्यात देऊन पाठवले. ते भाग बसले तेव्हा मोटोही उठले. आतेभाऊ हे वादात अजून वापरतो.

आता दोन्ही फोन आठ-नऊ वर्षांचे झाले. बँकांची काही ॲप त्यांच्यावर चालत नाहीत. तरी दोघांत फोरजी असल्यामुळे सिम घालून बोलता येतं, आणि म्हणून ते अजून फिरतात: नातवाच्या अभ्यासाला, गोठ्यातल्या आजोबांच्या खिशात, पंपाच्या मोबाईल स्टार्टरला कॉल लावायला. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने राईट टू रिपेअरचं पोर्टल काढलं, कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती एका जागी ठेवावी म्हणून. उशिरा का होईना, बरं झालं. आजच्या महाग फोनची वाकडी काच बदलायला आलेला माणूस भाव ऐकून पुन्हा खिशात घालतो तेव्हा मला नोट फोरचे दिवस आठवतात.

मागच्या महिन्यात आतेभावाचा फोन आला. त्याच घाटातल्या काकांच्या मोटोला बॅटरी हवी होती, पुण्यात जुना माल फुगलेला मिळत होता. माझ्याकडे एक एचजी ४० पडून होती, मीटरवर बरी दाखवत होती. "देतो," म्हटलं, "पण बदल्यात नोट फोरचे दोन फोल्डर पाठव. स्नॅपड्रॅगनचे. गेल्या खेपेला तू एमटीकेचे पाठवलेस."