तुघलकी आणि मलिकंबरी

मराठीत 'तुघलकी कारभार' म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. जुन्या मराठी दफ्तरांत मात्र आणखी एक शब्द भेटतो, 'मलिकंबरी'. तो जमीन महसुलाच्या धाऱ्यासाठी येतो आणि त्यात कुचेष्टा नसते. दोन्ही शब्द मुस्लिम राज्यकर्त्यांच्या नावांवरून आलेले, आणि दोघांचाही संबंध दौलताबादच्या परिसराशी. मग एकाचे नाव हेटाळणीचे आणि दुसऱ्याचे नाव हिशेबाचे का झाले?

एक वेडा होता आणि दुसरा शहाणा, हे उत्तर टिकत नाही. मुहंमद बिन तुघलक आपल्या काळातला मोठा विद्वान होता. तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान, वैद्यक यांत त्याची गती होती, हे त्याचे टीकाकारही मान्य करतात. १३२७ साली त्याने देवगिरीला, म्हणजे दौलताबादला, राजधानीचा दर्जा दिला. त्यामागेही विचार होता. दख्खन नुकतेच ताब्यात आले होते आणि दिल्लीहून त्यावर हुकूम चालवणे अवघड होते.

नाण्यांची गोष्टही तशीच. १३२९-३० च्या सुमारास त्याने चांदीच्या टंक्याच्या मोलाने हलक्या धातूची नाणी चालवली. चीनमध्ये कागदी चलन चालत होते, मग येथे तांब्या-पितळेचे का चालू नये? परंतु इराणात १२९४ साली गैखातूने कागदी चलन आणले होते आणि तबरीझचे बाजार बंद पडले होते. त्या फसलेल्या प्रयोगाला जेमतेम ३५ वर्षे झाली होती. चीनमध्ये नकली नोटा करणाऱ्याला कडक शिक्षा होती. इथली नाणी मात्र कोणाही कारागिराला पाडता येण्यासारखी होती. खोट्या नाण्यांचा सुळसुळाट झाला. शेवटी सुलतानाने ती परत घेऊन खजिन्यातून सोने-चांदी मोजून दिली. चूक कबूल करण्याचा हा प्रामाणिकपणा त्याच्या खात्यावर जमा धरला पाहिजे. उणीव बुद्धीची नव्हती, पडताळणीची होती. एखाद्या परगण्यात आधी करून पाहावे, सराफांना विचारावे, हे झाल्याचे दिसत नाही.

अर्थात, सुलतानाला लावलेली कसोटी आपण इतिहासकारांनाही लावली पाहिजे. झियाउद्दीन बरनी सांगतो की दिल्ली अगदी ओस पडली. बरनी सुलतानाच्या दरबारात सुमारे १७ वर्षे होता. सुलतानाच्या मृत्यूनंतर तो मर्जीतून उतरला आणि हलाखीत त्याने ग्रंथ लिहिला. इसामीच्या वृद्ध आजोबांनी या स्थलांतराच्या वाटेवर प्राण सोडला होता, आणि त्याचा ग्रंथ बंडातून उभ्या राहिलेल्या बहमनी राज्यात लिहिला गेला. दोघांची वेदना खरी आहे. पण दिल्ली परिसरातले १३२७ आणि १३२८ चे संस्कृत शिलालेख नगरी नांदती असल्याचे सांगतात. म्हणजे हलवले गेले ते मुख्यतः दरबारी, उलेमा, सूफी आणि त्यांचे परिवार. 'सगळी दिल्ली हलवली' हे वाक्य शाळेच्या पुस्तकातून आपण पाठ केले, तपासले मात्र नाही.

आता मलिक अंबरकडे वळू. १५४८ च्या सुमारास हबशांच्या देशात जन्मलेला, गुलाम म्हणून अनेकदा विकला गेलेला हा माणूस पुढे निजामशाहीचा कर्ता वजीर झाला. त्याने महसुलाचा मक्ता बंद केला. ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासात त्याची रीत नोंदलेली आहे. आधी पिकाचा माफक हिस्सा धान्यरूपाने घ्यायचा. असे काही हंगाम गेल्यावर, आलेल्या अनुभवावरून रोख रक्कम ठरवायची, आणि तीही दरवर्षी लागवड पाहून. हिस्सा दोन पंचमांश होता आणि रोखीत तो एक तृतीयांशाच्या आसपास येई, असे सांगतात. वसुलीसाठी ब्राह्मण कारकून, त्यांच्यावर मुसलमान अधिकारी, आणि मोडकळीस आलेली गावगाड्याची व्यवस्था पुन्हा उभी केलेली. गावाला काय झेपते हे शेताने सांगायचे आणि वजिराने ऐकायचे, असा हा क्रम होता. राज्य बुडाले तरी धारा मागे उरला. पुढे मराठ्यांच्या मुलखातही जमाबंदीच्या वेळी त्याचा दाखला निघत राहिला.

पाण्याचेही तसेच. दौलताबादपासून सुमारे १५ किलोमीटरवर, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या जागी, त्याने १६१० साली खडकी वसवली. उत्तरेच्या डोंगराकडचे भूगर्भातले पाणी उताराचा अंदाज घेत जमिनीखालून शहरात आणले. देखरेखीसाठी जागोजागी तोंडे ठेवली. ही नहर-ए-अंबरी कित्येक पिढ्यांची तहान भागवत राहिली.

हे आज सांगायचे कारण आहे. मुसलमानांचे फार लाड झाले, असे एक बाजू म्हणे. आम्ही फार मागे पडलो, असे दुसरी बाजू म्हणे. आकडे दोघांकडेही नव्हते. २००६ साली सच्चर समितीने ते मांडले. २००१ च्या जनगणनेनुसार देशाची साक्षरता ६४.८ टक्के आणि मुसलमानांची ५९.१ टक्के. त्यानंतर भाषणांची जागा काही प्रमाणात तरी हिशेबाने घेतली.

पण सरकारकडून हिशेब मागणाऱ्या आपल्या जमातींनी, शिक्षणसंस्थांनी स्वतःचा हिशेब ठेवला आहे का? मोहल्ल्यातल्या किती मुली सातवीनंतर घरी बसल्या, त्या फीपायी बसल्या की शाळा लांब आहे म्हणून, याची वही किती ठिकाणी सापडेल? ती वही नसताना हॉल बांधायचा की वसतिगृह, हे बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याच्या मताने ठरते. निर्णय घेणारे विद्वान असतील, नेक असतील. मुहंमद तुघलकही विद्वान होता. हॉलची पहिली वीट ठेवण्याआधी चार तरुण आणि चार मुली घरोघर पाठवून ती वही तयार करणे अवघड नाही. एक उन्हाळ्याची सुटी पुरेल.