धोकादायक चालकाला विमा कोणी द्यायचा?

१/ विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमेरिकेतील शहरे मोटारींनी गजबजून गेली. अपघात वाढले, पण दोषी चालक निर्धन असेल, तर जखमी माणसाच्या हाती न्यायालयाचा निकाल येई, भरपाई मात्र येत नसे.

२/ यावर उपाय म्हणून मॅसॅच्युसेट्स राज्याने १ जानेवारी १९२७ पासून मोटारीच्या नोंदणीसाठी विम्याची अट घातली. अमेरिकेतील हा असा पहिलाच कायदा. एका व्यक्तीच्या इजेसाठी किमान ५,००० डॉलर आणि एका अपघातासाठी १०,००० डॉलर एवढे संरक्षण बंधनकारक झाले.

३/ हप्त्याचे दर राज्याचा विमा आयुक्त विभागवार ठरवीत असे. त्यामुळे वर्दळीच्या बॉस्टनमधील निर्दोष चालकालाही खेड्यातील चालकाहून अधिक हप्ता भरावा लागे.

४/ खरा पेच निराळाच होता. कायदा विमा मागत होता. पण ज्याच्या नावावर अपघात जमा होते, त्याला विमा देण्यास कंपन्या राजी नव्हत्या.

५/ या पेचावर १९३८ साली शेजारच्या न्यू हॅम्पशायर राज्यात तोड निघाली. नाकारलेले चालक कंपन्यांनी आपापल्या व्यवसायाच्या प्रमाणात वाटून घ्यायचे. पुढे इतर राज्यांनीही हाच मार्ग धरला.

६/ अशा चालकाला हप्ता अधिक पडे. पण त्याला विम्याबाहेर ठेवले जात नसे. तो बाहेर राहिला असता, तर त्याच्या बेफिकिरीची किंमत रस्ता ओलांडणाऱ्या एखाद्या अनोळखी माणसाला मोजावी लागली असती.