कुंडीची कुळकथा

रोप लावण्याच्या पात्राला कुंडी म्हणतात आणि केर टाकण्याच्या जागेला कचराकुंडी. मात्र ज्या संस्कृत ‘कुण्ड’ किंवा ‘कुण्डी’ या शब्दापासून ही दोन्ही नावे आली, त्याचा अर्थ पाणी साठवण्याचे खोलगट पात्र असा आहे. पाणी धरणारे हे पात्र माती कशी धरू लागले, हे समजण्यासाठी ‘आळे’ हा शब्द विचारात घ्यावा लागतो. झाडाच्या बुंध्याभोवती माती उकरून आणि कडेने बांध घालून केलेला गोल खळगा म्हणजे आळे, ज्याचे संस्कृत रूप ‘आलवाल’ असे आहे, आणि ओतलेले पाणी मुळांपाशी थोपवून धरणे हे त्याचे काम. कुंडी म्हणजे जमिनीवरून उचलून घेतलेले आळेच होय. फरक इतकाच की मुळे कुजू नयेत म्हणून तिच्या तळाला भोक ठेवावे लागते.

पालघर आणि बोईसर-तारापूरच्या किनारपट्टीत हे नाते विशेष स्पष्ट दिसते, कारण येथे पाऊस बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि पुढचे आठ महिने झाड माणसाने घातलेल्या पाण्यावर जगते. युरोपात संत्र्याची झाडे लाकडी टपांत लावून हिवाळ्यात आत नेली जात, आणि त्यासाठी व्हर्साय येथे १६८४ ते १६८६ या काळात भव्य संत्रागृह बांधले गेले. तेथे पात्राचा उपयोग थंडीपासून बचावासाठी होता. पालघरचा हिवाळा मात्र सौम्य असल्याने मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, टोमॅटो आणि वांगी यांना तोच सर्वांत मानवतो, आणि पात्राचे काम थोडे पाणी पुरवून वापरणे एवढेच उरते.

घरातल्या पात्रात काही रुजवण्याची सवय मराठी माणसाला नवी नाही. अंगणातले तुळशीवृंदावन हे बांधीव कुंडीचेच रूप आहे, तर घटस्थापनेत पत्रावळीवर किंवा परडीत वावरी, म्हणजे शेतातली माती, पसरून धान्य पेरतात आणि दसऱ्यापर्यंत त्याला अंकुर येतात. रब्बीच्या तोंडावर येणाऱ्या या विधीत बियाणे उगवते की नाही, याची परीक्षाही आपोआप होते. किनाऱ्याच्या रेताड जमिनीत दाट पेरून कोवळेपणीच मुळासकट उपटली जाणारी समुद्रमेथी याच कुळातली असून, ती वीतभर खोलीच्या पसरट पात्रातही सहज येते.

१९६९ मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि बोईसरमध्ये परस नसलेली घरे उभी राहिली. परसाऐवजी गच्ची आणि सज्जा आले, मातीच्या कुंडीसोबत तेलाचे डबे आणि मासळीची थर्माकोलची खोकीही आली. कारखान्यात रसायन भरलेले पिंप मात्र कितीही धुतले तरी खाण्याच्या भाजीसाठी वापरणे धोक्याचेच.

गच्चीला जड मातीचा भार सोसवत नाही, ही अडचण सोडवणारा विचार महाराष्ट्रातच रुजला. ‘प्रयोग परिवार’ उभारणारे श्री. अ. दाभोळकर यांनी पालापाचोळा आणि सेंद्रिय अवशेष कुजवून घरच्या घरी सकस माती तयार करता येते, हे सांगितले. त्याच प्रेरणेने २००२ पासून मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातला ओला कचरा वापरून बाग फुलवली. बोईसरच्या सज्जातही भाजीची देठे आणि साली सुक्या पानांसोबत थराथराने कुजवल्या की ऑक्टोबरमध्ये पेरणीपुरती हलकी, पाणी धरून ठेवणारी माती हाताशी असते. घरातली कचराकुंडी अशी रोपाच्या कुंडीत रिकामी होऊ लागते, तेव्हा भाषेने एका नावाने बांधलेली ही दोन पात्रे व्यवहारातही एकत्र येतात.