नोंद नाही, म्हणून अपघात नाही!
डहाणू-तलासरीतील उद्योग आणि कामगारांच्या इजा-आजारांचा हिशेब

खास प्रतिनिधी

डहाणू म्हटले की शहरी वाचकाच्या डोळ्यांसमोर चिकूच्या वाड्या, बोर्डीचा किनारा आणि वारली चित्रे उभी राहतात. तलासरी ठाऊक असते ती मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील महाराष्ट्राच्या अखेरच्या तालुक्याचे गाव म्हणून. २०११च्या जनगणनेनुसार डहाणू तालुक्याची लोकसंख्या सुमारे चार लाख, तर तलासरीची सुमारे दीड लाख. तलासरीत दर दहा रहिवाशांपैकी नऊ आदिवासी आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि हे दोन्ही तालुके त्यात गेले. येथील माणसे औष्णिक वीज केंद्रात, फुग्यांच्या कारखान्यांत, वाड्यांत, वीटभट्ट्यांवर, मासेमारी नौकांवर आणि सीमेपलीकडच्या गुजरातमधील कारखान्यांत राबतात. यांपैकी कोणते काम किती धोक्याचे, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. मात्र अपघातांच्या सरकारी आकड्यांवरून त्याचे उत्तर शोधू गेल्यास सर्वांत धोक्याची कामेच सर्वांत सुरक्षित दिसू लागतात. असे का होते, याचा हा आढावा.

दर कसा काढतात?

कारखान्यातील अपघातांची तुलना केवळ संख्येवरून करता येत नाही. हजार कामगारांच्या कारखान्यातील पाच अपघात आणि पन्नास कामगारांच्या कारखान्यातील पाच अपघात यांत मोठा फरक आहे. म्हणून भारतीय मानक ३७८६ मध्ये दोन दर सांगितले आहेत. पहिला वारंवारिता दर, म्हणजे कामाच्या दर दहा लाख तासांमागे रजा घ्यावी लागणाऱ्या इजा किती झाल्या. दुसरा तीव्रता दर, म्हणजे तेवढ्याच तासांमागे कामाचे किती दिवस बुडाले. या हिशेबात एका मृत्यूसाठी सहा हजार दिवस धरले जातात.

समजा, एका कारखान्यात २५० कामगार आहेत आणि प्रत्येकजण वर्षाला २,४०० तास काम करतो. एकूण तास झाले सहा लाख. वर्षभरात तिघांना इजा झाली, तर वारंवारिता दर येतो ५. आता यांतील एक इजा कंत्राटी कामगाराची म्हणून नोंदवहीत आलीच नाही, असे समजा. दर लगेच ३.३ वर उतरतो. यंत्र तेच, धोका तोच, केवळ एक ओळ लिहायची राहिली. दराचे गणित असे नोंदीवर अवलंबून असते.

देशाच्या आकडेवारीत ही गफलत उघड दिसते. केंद्रीय कामगार मंत्रालयाच्या अखत्यारीतील कारखाना सल्ला सेवा महासंचालनालयाच्या माहितीनुसार २०१७ ते २०२० या काळात देशातील नोंदणीकृत कारखान्यांत दररोज सरासरी तीन कामगारांचा मृत्यू झाला आणि ११ जण जखमी झाले. म्हणजे एका मृत्यूमागे जेमतेम चार जखमी! आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०२३ मधील जागतिक अंदाज याच्या शेजारी ठेवून पाहावा. कामावरील अपघातांत वर्षाला सुमारे ३ लाख ३० हजार मृत्यू आणि ३९ कोटी ५० लाख जखमी, असे तो सांगतो. तेथे एका मृत्यूमागे सुमारे बाराशे जखमी येतात. भारतातील कामगारांना इजा कमी होतात, असा याचा अर्थ लावणे धाडसाचे ठरेल. मृत्यू लपवणे कठीण असते. तुटलेले बोट लपवणे सोपे असते, एवढाच त्याचा अर्थ.

नोंदवहीतले कारखाने

डहाणूतील सर्वांत मोठा उद्योग म्हणजे ५०० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र. १९९५ पासून वीज देणारे हे केंद्र आधी बीएसईएस, नंतर रिलायन्स आणि २०१८ पासून अदानी समूहाकडे आहे. कोळशाची धूळ, बाष्पकाची उष्णता, धावते पट्टे, टर्बाइनचा आवाज आणि राख हे अशा केंद्रातील नेहमीचे धोके. मात्र एवढ्या मोठ्या आस्थापनेत सुरक्षा अधिकारी असतो, दवाखाना असतो आणि अपघाताचा कागद तयार होतो. सेबीच्या नियमानुसार २०२२-२३ पासून बाजारमूल्यात पहिल्या हजार क्रमांकांत असलेल्या कंपन्यांना आपल्या इजांचा वारंवारिता दर जाहीरही करावा लागतो.

फुग्यांच्या कारखान्यांची गोष्ट वेगळी. डहाणूचे रबरी फुगे देशभरातील जत्रांत आणि वाढदिवसांत पोहोचतात. रबराचा चीक टिकावा म्हणून त्यात अमोनिया मिसळलेला असतो. साचे त्या चिकात बुडवायचे, काढायचे, उष्णतेवर सुकवायचे आणि फुगे सोलून काढायचे, असे हे काम. अमोनियाच्या वाफेने डोळे आणि घसा चुरचुरतो, दीर्घकाळ संपर्क आल्यास काहींना रबराची अॅलर्जी जडते. शिवाय भाजण्याची आणि आगीची भीती असतेच. यांतील अनेक घटक लहान आहेत. कारखान्याची कायदेशीर व्याख्या कामगारांच्या संख्येवर ठरते. कारखाने अधिनियम १९४८ नुसार वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असले की तो कारखाना होत असे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने ही मर्यादा वीस केली. वीज नसेल तर चाळीस. म्हणजे पंधरा कामगारांचा घटक काल कारखाना होता, आज नाही. तेथील चीक, वाफ आणि भट्टी मात्र जागच्या जागी आहेत.

वाडी, गवत आणि वीट

तालुक्यांतील बहुसंख्यांची रोजी कारखान्याबाहेर आहे. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला डहाणू-घोलवडचा चिकू उंच झाडांवरून, लांब काठीला जाळी बांधून किंवा फांद्यांवर चढून उतरवावा लागतो. ताडीसाठी ताडावर चढणाऱ्याच्या कंबरेला दोर असला तरी पाय निसटल्यास पाठीचा कणा मोडतो. भातशेतीत आणि वाडीत सर्पदंशाचे भय असते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यांतील बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातले आणि त्यांतही पावसाळ्यातले, म्हणजे लावणी-बेणणीच्या दिवसांतले. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची करावी, असे राज्यांना कळवले. ही नोंद आजार म्हणून होते. दंश कोणाच्या शेतात, कोणाच्या मजुरीवर असताना झाला, हे तीवरून कळत नाही.

या भेदाला पैशाचा अर्थ आहे. राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूसाठी दोन लाख रुपये मिळतात आणि त्यात सर्पदंशही येतो. पण योजना खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्यासाठी आहे. दुसऱ्याच्या वाडीत मजुरी करणाऱ्या, नावावर सातबारा नसलेल्या माणसाचे कुटुंब तिच्याबाहेर राहते.

दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वसई, भिवंडी, उंबरगावकडील वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मालकाकडून आधीच उचल घेतलेली असते आणि मजुरी हजार विटांच्या हिशेबाने ठरते. त्यामुळे इजा झाली तरी काम थांबवणे परवडत नाही. पाठीचे आणि गुडघ्यांचे दुखणे, राखेची आणि मातीची धूळ, उन्हाचा आणि भट्टीचा एकत्र ताप हे तेथील नित्याचे आजार. जो कामगार रजाच घेत नाही, त्याची इजा ‘रजा घ्यावी लागणारी इजा’ ठरणार कशी?

तलासरीला या प्रश्नाचा इतिहास आहे. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळील झरी येथे गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली आदिवासी एकत्र आले आणि वेठबिगारी नाकारण्याचा निर्धार झाला. त्या लढ्यातील एक ठळक मागणी पाचशे रत्तल गवताच्या कापणीला अडीच रुपये मजुरी मिळावी, ही होती. कामाचे मोजमाप आणि मोबदला यांचा संबंध तेव्हाच्या मजुराने नेमका ओळखला होता. गवताचे वजन तेव्हा मोजले गेले. गवत कापताना विळ्याने कापलेल्या हाताचा हिशेब आजही मांडला जात नाही.

समुद्रावरची जोखीम

झाईपासून चिंचणीपर्यंतच्या किनाऱ्यावर मासेमारी हा मुख्य व्यवसाय. हे काम जगभर सर्वांत धोक्याच्या कामांत गणले जाते. अमेरिकेत २०२२ मध्ये सर्व व्यवसायांचा सरासरी मृत्युदर दर एक लाख पूर्णवेळ कामगारांमागे ३.७ होता, मासेमारी आणि शिकारीच्या व्यवसायात तो ५०.९, म्हणजे जवळपास चौदापट होता. तेथील नौका अधिक सुसज्ज असतात, हे लक्षात घेता डहाणूच्या खलाशाची जोखीम कमी मानण्याचे कारण नाही. शिवाय येथील अनेक आदिवासी तरुण हंगामात गुजरातमधील बंदरांतील नौकांवर खलाशी म्हणून जातात. नौका पाकिस्तानी यंत्रणेच्या हाती पडल्यास तुरुंगवास ओढवतो. मार्च २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातील अशाच एका खलाशाचा कराचीच्या तुरुंगात मृत्यू झाला. तो व्यवसायजन्य मृत्यू होता, असे कोणत्याही तक्त्यात लिहिले जाणार नाही.

धोका शेजारी, माणूस इथला

डहाणूचे औद्योगिक चित्र एका निर्णयाने ठरले आहे. जून १९९१ मध्ये केंद्राने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला. घातक, म्हणजे ‘लाल’ गटातील उद्योगांना मनाई झाली आणि उद्योगांसाठीच्या जमिनीवर पाचशे एकरांची मर्यादा आली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरणही नेमले गेले. निसर्ग त्यामुळे वाचला, यात शंका नाही. परंतु रोजगार शोधणारा माणूस धोक्याच्या उद्योगांपर्यंत स्वतःच प्रवास करू लागला. दक्षिणेला पालघर तालुक्यातील तारापूर औद्योगिक वसाहत, उत्तरेला उंबरगाव, सरीगाम आणि वापी!

तारापूर परिसरात ११ जानेवारी २०२० रोजी रासायनिक कारखान्यातील स्फोटात आठ जणांचा बळी गेला. २१ ऑगस्ट २०२५ रोजी तेथील एका औषधनिर्मिती कारखान्यात वायुगळती होऊन चार कामगार दगावले. अशा घटनांची नोंद कारखान्याच्या ठिकाणी होते, कामगाराच्या गावी नाही. तलासरीच्या तरुणाचा हात सरीगाममध्ये यंत्रात सापडला, तर इजा गुजरातच्या खात्यात जाते; पुढचे आयुष्य मात्र तलासरीतच काढावे लागते. गंभीर रुग्णाला वलसाड किंवा सिल्वासाला हलवले, की रुग्णालयाचा कागदही परराज्यातला होतो. कंपनीच्या किंवा खासगी जीपमधून महामार्गावर ये-जा करताना झालेला अपघात तर बहुधा केवळ ‘रस्ता अपघात’ ठरतो. वास्तविक २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता घर आणि कामाचे ठिकाण यांमधील प्रवासातील अपघात, कामाशी त्याचा संबंध सिद्ध झाल्यास, कामावरचाच मानते.

आजार मोजायचे कोणी?

अपघात निदान दिसतो; आजार वर्षानुवर्षे दबा धरून असतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या त्याच अंदाजानुसार कामाशी निगडित २९ लाख ३० हजार वार्षिक मृत्यूंपैकी सुमारे २६ लाख आजारांमुळे होतात. दर नऊ मृत्यूंपैकी आठ! आपल्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिस, शिशाची विषबाधा, आवाजाने येणारे बहिरेपण असे २९ आजार आहेत. ते आढळल्यास मालकाने आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरनेही शासनाला कळवणे बंधनकारक आहे. पण त्यासाठी रुग्ण काय काम करतो, हे आधी विचारावे लागते. दगडखाणीत राबलेल्या माणसाचा खोकला क्षयरोग म्हणून वर्षभर औषधे घेत राहतो आणि सिलिकोसिसचे निदान मागे पडते, हे देशभरातील खाणपट्ट्यांत वारंवार दिसून आले आहे.

नव्या कामांची भर

मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वे आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्ग या दोन्ही तालुक्यांतून जातात. डहाणूच्या किनाऱ्यावरील वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. स्थानिकांचा विरोध आणि प्रकल्पाची गरज यांवरील वाद स्वतंत्र आहे. मात्र बांधकाम हे उंचीवरून पडणे, ढिगारा कोसळणे आणि विजेचा धक्का यांमुळे अपघातप्रवण मानले जाणारे क्षेत्र आहे, आणि येथील मजूर त्याकडे वळणार हे निश्चित. इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचे लाभ मिळवण्यासाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. चार महिने भट्टी, दोन महिने शेती आणि उरलेले दिवस बांधकाम करणाऱ्याला तो गोळा करणे सोपे नाही.

एक रकाना

यावर उपाय खर्चिक असेलच असे नाही. डहाणू आणि कासा येथील उपजिल्हा रुग्णालये, तलासरीचे ग्रामीण रुग्णालय आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे येथील केसपेपरवर ‘इजा कोणते काम करताना, कोणाकडे आणि कोठे झाली’ असा एक रकाना असला, तर वर्षभरात वाडी, भट्टी, नौका आणि कारखाना यांची खरी तुलना होऊ शकेल. सीमेपलीकडील रुग्णालयांशी माहितीची देवाणघेवाण झाल्यास सरीगाम-वापीचा हिशेबही त्यात येईल. कामगारानेही काही कागद जपून ठेवणे आवश्यक आहे. रुग्णालयातील पहिल्या दिवसाच्या केसपेपरवर कामाचा उल्लेख, मजुरी मिळाल्याचा कोणताही पुरावा, मुकादमाचे नाव आणि सोबतच्या दोघांची साक्ष एवढ्यावर भरपाईचा दावा उभा राहू शकतो. त्याशिवाय तो पहिल्याच तारखेला कोसळतो.

४८ तासांहून अधिक काळ कामावर येता येणार नाही अशी इजा कळवणे मालकाला पूर्वीच्या कायद्यानेही बंधनकारक होते, नव्या संहितेनेही आहे. डहाणू-तलासरीच्या बहुसंख्य कामगारांच्या बाबतीत ती कळवणारा मालक कोण, हेच ठरलेले नसते. ते ठरेपर्यंत या तालुक्यांतील अपघातांचा दर कागदोपत्री कमीच दिसत राहील आणि त्या कमी दराकडे बोट दाखवून निरीक्षक, दवाखाने व निधी यांची तरतूदही कमीच होत राहील.